पोहणारे आणि न पोहणारे

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

प्रयोगशाळा सुरू झाली एकदाची. प्रयोगशाळा म्हणजे कुंभिवलीला हायवेला लागून असलेल्या एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली ट्रेलर मागे घेताना टूं टूं करतात आणि माझ्या सूक्ष्मदर्शकातलं सगळं जग थरथरतं. पुण्याच्या संस्थेनं मला दीड वर्षासाठी इथे पाठवलंय. तोवर मी कर्जतला, दहिवलीच्या फ्लॅटमध्ये आईकडे राहणार. बाबा गेल्यापासून ती एकटीच आहे, एकोणसत्तर वर्षांची. तिच्यावर माझं लक्षही राहील.

मदतीला मनाली मिळाली. कोंडाण्याची मुलगी, मुंबईत एम.एस्सी. झालेली. आईची शाळेपासूनची मैत्रीण जानकीमावशी, तिची ही नात. हुशार आहे, पण माझं ऐकताना चेहरा इतका गंभीर ठेवते की आतून हसत असावी.

जेवताना आईनं विचारलं, "नक्की काय करणार तू तिथे?"

मी सांगितलं. पेशीत प्रत्येक प्रथिनाला नीट घडी पडावी लागते. वय वाढलं की घड्या चुकायला लागतात, चुकलेली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे गोळे होतात. मेंदूत असे गोळे साठले की माणूस विसरायला लागतो.

"म्हणजे ती इलॅस्टिकवाली चादर," आई म्हणाली. "कुणालाच तिची घडी घालता येत नाही. शेवटी बोळा करून कपाटात कोंबायची."

तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईकडून मला जास्त नेमकेपणा अपेक्षित होता. पण ठीक आहे.

मग माझ्या कृमींबद्दल सांगितलं. मिलिमीटरभर लांब, काचेसारखे पारदर्शक. जन्म, तारुण्य, म्हातारपण सगळं तीन आठवड्यांत. अर्ध्या कृमींना मी रोज थोडा वेळ पाण्यात पोहायला लावणार, अर्ध्यांना नाही. मग कुणाच्या शरीरात गोळे कमी होतात ते बघणार.

"पाण्यात टाकले की लगेच पोहतात? शिकवावं नाही लागत?"

"नाही."

"बरंय त्यांचं," असं म्हणून आई ताटं उचलून आत गेली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

माझी निळी ट्रॅकपँट सापडत नाही. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅनही नाहीसा झालाय. पहिल्या गोष्टीबद्दल आईला विचारलं तर म्हणाली, "असेल इथेच." दुसऱ्या गोष्टीबद्दल म्हणाली, "कुठला कॅन?"

संध्याकाळी पँट गच्चीवर सापडली. दोरीवर, ओली.

"वर कशी गेली?"

"कोण जाणे," आई म्हणाली. तिचं तोंड आईचं नाही, पाचवीतल्या मुलीचं वाटत होतं.

वस्तू भलत्या ठिकाणी ठेवणं. नोंद करून ठेवतो. अजून घाबरण्यासारखं काही नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पुण्याहून मधूमामाचा फोन आला. मी आईला हाक मारली, "मधूमामा आहे गं!"

आई हात पुसत आली आणि म्हणाली, "कोण मधू?"

सख्खा धाकटा भाऊ. क्षणभरच, पण तिचा चेहरा पूर्ण रिकामा होता. मग हसून तिनं फोन घेतला आणि अर्धा तास बोलली. नंतर मला म्हणाली, "थट्टा केली रे."

ती थट्टा नव्हती.

२ मार्च, रविवार

आई आता आठवड्यातून चारदा तरी दुपारी कोंडाण्याला जाते. जानकीमावशीकडे वाल सोलायला, असं म्हणते. महिनाभर वाल सोलणं चाललंय आणि घरात एकदाही वालाची उसळ झालेली नाही.

आज आली तेव्हा वेणी ओली होती. ऊन किती, घाम आला, म्हणाली. मग बाल्कनीत गेली, मान एका बाजूला कलती केली आणि एका पायावर उड्या मारायला लागली. आधी डाव्या, मग उजव्या.

"आई, काय करतेस?"

"काय?"

"काय करतेस?"

"मोठ्यानं बोल, कानात दडा बसलाय."

तोल आणि ऐकणं, दोन्ही एकदम. शिवाय भूक वाढली आहे. तीन भाकऱ्या खाल्ल्या, चौथीकडे बघत होती. भुकेवरचा ताबा सुटणं हेही एक लक्षण आहे, मी वाचलंय.

११ मार्च, मंगळवार

आजचं लिहिताना हात जड झालाय.

सकाळी लवकर उठलो. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. आई जमिनीवर बसून तोंड बादलीत बुडवून होती. पूर्ण, कानांपर्यंत. मी ओरडलो. तिनं शांतपणे डोकं वर काढलं, फूऽऽ करून श्वास सोडला आणि म्हणाली, "घाबरवलंस ना मला. मोजत होते."

"काय मोजत होतीस?"

चेहरा पुसत म्हणाली, "पाढे."

पाण्याखाली पाढे. मी प्रयोगशाळेत जाताना चौक गावाच्या रस्त्यावर स्कूटर बाजूला घेऊन थांबलो. डोळे पुसले. हे काम मी निवडलं तेव्हा मला वाटलं होतं की मी माणसांबद्दल काहीतरी शोधतोय. ते माणूस आमच्याच बाथरूममध्ये बसलेलं असेल असं कुठे वाटलं होतं.

१२ मार्च, बुधवार

कुणाशी तरी बोलायला हवं म्हणून मनालीला सांगितलं. बादली, पाढे, ट्रॅकपँट, एका पायावरच्या उड्या. तिला जोरात ठसका लागला. पाणी प्यायला बाहेर गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते. मुलगी दिसते त्यापेक्षा हळवी आहे.

"सर, तुम्ही एकदा आमच्या आजीच्या शेतावर या ना. तुमच्या आई, प्रमोदिनी आजी, तिथे मजेत असतात."

"तेच तर. घरी ती मजेत नाही याचंच मला वाईट वाटतं."

मनाली इन्क्युबेटरकडे वळली. मग म्हणाली, "मी शब्द दिलाय, सर." कुणाला, कसला, ते विचारायच्या आत इन्क्युबेटरचा भोंगा वाजला.

२१ मार्च, शुक्रवार

पहिले खरे आकडे आले. मी आनंदात आहे आणि आनंदात असल्याची लाज वाटते आहे.

पोहणारे कृमी जास्त जगले नाहीत. ते न पोहणाऱ्यांच्याच वेळेला मेले. पण शेवटपर्यंत हलत राहिले. त्यांच्या शरीरात सूक्ष्मदर्शकाखाली चमकणारे गोळे निम्म्यानं कमी. न पोहणारे मात्र आयुष्याच्या मध्यावरच पसरले. जिवंत, पण नुसते पडून.

मनाली कृमींच्या बशीवर वाकून म्हणाली, "सर, न पोहणाऱ्यांना आपण काय त्रास देतो?"

"काहीच नाही. एकसारखं तापमान, भरपूर खाणं, कोरडी, सुरक्षित बशी. त्यांना बोटही लावत नाही आपण."

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणजे काळजी घेतो."

"अगदी."

तिनं माझ्याकडे असं का बघितलं ते मला कळलं नाही. माझ्या शर्टाला काहीतरी लागलं असावं.

घरी आलो तर आई हॉलमधल्या स्टुलावर पोटावर आडवी. चारही हातपाय हवेत, बेडकासारखे आखडतेय आणि फाकवतेय. मला बघून तशीच राहिली आणि म्हणाली, "पाठीला बरं वाटतं."

मी मदत करून तिला उठवलं. ती म्हणाली, "अरे, सोड." पण मी तिला धरून खुर्चीत बसवलं. 

२९ मार्च, शनिवार

ठरवलं. ९ एप्रिलला मुंबईत मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आणि मे महिन्यात आईला पुण्याला हलवायचं. लिफ्टची इमारत, खाली सुरक्षारक्षक, दिवसभराची बाई. कुंभिवलीला मी तिथून येऊन-जाऊन करीन. हा फ्लॅट बंद.

आज तिला सांगितलं. मला वाटलं भांडेल. ती खिडकीशी गेली आणि बराच वेळ उल्हास नदीकडे बघत राहिली.

"पुण्यात विहिरी आहेत का रे?"

विषयाशी काहीही संबंध नसलेला प्रश्न. मी हळूच म्हणालो, "नळाला चोवीस तास पाणी आहे, आई."

"हं," ती म्हणाली. "आणि मला विचारलं कुणी?"

"तुझ्या काळजीपोटीच—"

"ते दिसतंय."

रात्री जेवली नाही. भूक गेली. महिन्यापूर्वी वाढली होती, आता गेली. सगळं किती झपाट्यानं चाललंय.

६ एप्रिल, रविवार

उजव्या कानात अजून पाणी आहे. अंग ठणकतंय. पण आजच लिहायला हवं.

दुपारी आई "जानकीकडे जाते" म्हणून निघाली. वाल सोलायला, हे म्हणायचेही कष्ट घेतले नाहीत. मी ठरवलं, आज मागे जायचं. ती रिक्षानं गेली, मी अंतर ठेवून स्कूटरवर. कोंडाण्याला लेण्यांकडे जाणारी वाट सोडून रिक्षा जानकीमावशीच्या शेताकडे वळली. मी आंब्याखाली स्कूटर लावली. मावशी दोनदा सरपंच झालेली बाई, तिच्या बांधावरून चोरासारखं चालायची माझी छाती होईना. म्हणून थोडा वेळ तिथेच थांबलो.

मग चालत पुढे गेलो. शेताच्या कोपऱ्यात मोठी विहीर आहे, आत उतरायला दगडी पायऱ्या. वरच्या पायरीवर आईच्या चपला. चपलांवर घडी घातलेली साडी. साडीवर चष्मा.

मी कठड्यावरून खाली बघितलं. हिरवं पाणी. आणि पाण्यावर पालथी, हात पसरलेली, न हलणारी माझी आई. पांढरी वेणी तिच्या बाजूला तरंगत होती.

मी "आईऽऽ" म्हणून ओरडलो आणि उडी मारली.

उडी मारल्यावर, पाण्याला लागायच्या आधी, मला दोन गोष्टी आठवल्या. एक, मी हेल्मेट काढलेलं नाही. दोन, मला पोहता येत नाही.

पुढचं तुटक आठवतं. नाकात, तोंडात, हेल्मेटमध्ये पाणी. पाय मारतोय आणि खाली काहीच नाही. मग कुणीतरी मागून कॉलर धरली आणि कानाशी शाळेतला तो आवाज, ज्याला कर्जतच्या दोन पिढ्या घाबरल्या: "हातपाय झाडू नकोस! माझ्या गळ्यात पडू नकोस! हे धर. छातीखाली घे!"

छातीखाली तेलाचा पाच लिटरचा कॅन आला.

"आता पाय मार. सरळ. गुडघ्यातून नाही, मांडीतून!"

वरून, पंपाच्या आड बसल्यामुळे मला आधी न दिसलेली जानकीमावशी दोर सोडत ओरडत होती, "आरं, डोक्यावरचं ते मडकं तरी काढ आदी!"

दोघींनी मला पायरीवर ओढलं. मी बराच वेळ खोकत होतो. शेजारी माझी आई बसली होती. माझी निळी ट्रॅकपँट, बाबांचा जुना शर्ट, गाल लाल, छाती वरखाली होतेय. इतकं चिडलेलं आणि इतकं तरतरीत मी तिला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"तू बुडत होतीस," मी म्हणालो.

"मी तरंगत होते! आज पहिल्यांदा कॅनशिवाय! मघापासून मोजत होते आणि तू वरून पडलास."

"काय रं अनुपम," मावशीनं माझ्या डोक्यावर टॉवेल टाकला, "जीव वाचवायला आलतास का द्यायला?"

"मावशी, या वयात विहिरीत... काही झालं असतं तर?"

"मी दोर घेऊन बसते ना हितं. रोज. मला काय आकल नाय?" ती पायरीवर बसली. "ही हीर आमच्या आज्यानं खनली. गावच्या हिरीवर आमाला पानी भरू देत नवते तवा. हीर झाली नि आज्या म्हनला, आता आपल्या घरातल्या पोरी बी पवल्या पायजेत. आमी समद्या बहिनी हितंच शिकलो. तुजी आई शाळा सुटली का यायची नि हितं वर बसायची, नुसती बघत."

"घरी कळलं असतं तर पाय मोडले असते माझे," आई म्हणाली. "मुलगी पोहते हे एक. आणि कुणाच्या विहिरीत, हे दुसरं. दुसरं जास्त."

"मंग काय, परमे? साठ वरसं लावलीस उतरायला."

"पंचावन्न," आई म्हणाली.

येताना ती माझ्या स्कूटरवर मागे बसली.   माझ्या हेल्मेटमधून पाणी गळत होतं.

७ एप्रिल, सोमवार

सुट्टी घेतली. आईनं आल्याचा चहा केला आणि समोर येऊन बसली.

"विसरतेय हे मला तुझ्या आधी कळलं, अनु."

मी कप खाली ठेवला.

"दिवाळीनंतरची गोष्ट. भाजी घेऊन येत होते. पुलावर उभी राहिले आणि कळेना, घर या बाजूला की त्या. जन्म गेला या गावात. कठड्याला धरून थांबले. मग आलं लक्षात. मध्यंतरी मधूचंही तसंच झालं. थट्टा नव्हती ती."

"मला माहीत आहे."

"घाबरले होते रे मी. रोज स्वतःचीच परीक्षा घ्यायची. हे आठवतं का, ते आठवतं का. त्यानं जास्तच घाबरायला झालं. मग एकदा वाटलं, जुनं जायचं ते जाईल. नवीन काही आत शिरतंय का ते तरी बघू. जे कधीच येत नव्हतं असं काहीतरी. जानकीला बोलले. ती म्हणाली, ये, उतर पाण्यात." ती हसली. "पहिले पंधरा दिवस नुसती किंचाळत होते. पण शिरलं, अनु. शिकता आलं मला."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

 तिला उत्तर माहीत होतं. कोरडी, सुरक्षित बशी. लिफ्टसकट.

"पुण्याचं राहू दे," मी म्हणालो.

"मी कुठे बॅग भरत होते?" ती म्हणाली. "डॉक्टरकडे मात्र जाऊ. मलाही कळायला हवं."

मनालीला फोन करून विचारलं, तुला सगळं माहीत होतं ना? पलीकडून इतका वेळ हसणं ऐकू येत राहिलं की मी फोन ठेवून दिला.

९ एप्रिल, बुधवार

डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. आईला म्हणाले, शंभरातून सात वजा करत जा. आई वजा करत गेली. दोनावर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, छान. आई म्हणाली, "उणे पाच. उणे बारा. उणे एकोणीस." त्यांनी हात जोडून थांबवलं.

पण सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द शेवटी विचारले, तेव्हा तिला दोनच आठवले. तिसऱ्यासाठी तिनं खूप प्रयत्न केला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मला उरलेले तिन्ही शब्द माहीत होते आणि ते सांगता येत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं थोडं जास्त आहे. पुढे वाढेल की इथेच थांबेल, आज सांगता येणार नाही. स्कॅन करून घ्या, सहा महिन्यांनी परत या.

"पोहलं तर चालेल?" आईनं विचारलं.

"एकट्यानं नाही. कुणीतरी सोबत हवं."

आई त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

कृमींच्या बाबतीत मी हजार वेळा ठामपणे लिहिलंय, 'असं दिसून आलं', 'असं सिद्ध होतं'. माझी आई एक आहे. तिच्या शेजारी न पोहणारी दुसरी आई ठेवून बघता येत नाही. पोहण्यानं तिचं काय वाचेल, मला माहीत नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदाच लिहितोय आणि ते खरं आहे.

२० एप्रिल, रविवार

दुपारी चौघं विहिरीवर. मनाली कठड्यावर बसून शेंगदाणे खात मला सूचना देते, त्या मी ऐकत नाही. मी अजून खालच्या पायरीला धरूनच असतो. जानकीमावशी म्हणते, "ह्येला शिकवन्यापरीस म्हशीला शिकवलेलं बरं. म्हस निदान वरडत नाय."

आई वरच्या दगडावर उडी मारायला उभी होती. आज तिची पहिली उडी. तेवढ्यात पंपाच्या पाइपवर एक पक्षी येऊन बसला. पाठ निळीशार, चोच लांब.

"अय्या, तो बघ! तो... अरे, तो..." ती थांबली. "काय रे म्हणतात त्याला?"

मला येत होतं. मनालीलाही. मावशीनं नुसता हात वर करून आम्हाला गप्प केलं.

आई त्याच्याकडे बघत उभी राहिली. ओठ हलत होते. तिच्या चेहऱ्यावर तो रिकामेपणा यायला लागला, फोनवाला. मी पायरी सोडली. म्हणजे हात आपोआप सुटला.

मग तिनं मान झटकली, नाक धरलं आणि उडी मारली.

केवढं पाणी उडालं. पक्षी भुर्र झाला. हिरव्या पाण्यात ती कुठेच दिसेना. मावशीचा हात दोरावर गेला. मनालीनं शेंगदाणे खाली ठेवले.

पार पलीकडच्या भिंतीशी पांढरी वेणी वर आली, मागोमाग आई. तिनं तोंडातलं पाणी थुंकलं, डोळे पुसले आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडली:

"खंड्या!"